डिकी पूर्ण रिकामी आहे

गाडी घरी आली त्या दिवशी तिच्यात तेवीस वस्तू होत्या.

हे मी अंदाजाने सांगत नाही. शनिवारी सकाळी अकरा ते सव्वाबारा या वेळात मी चारही दारं, पुढचा खण आणि डिकी उघडून एकेक वस्तू बाहेर काढली, जुन्या चादरीवर मांडली आणि वहीत उतरवली. उपयोगी सोळा, आधीच्या मालकांना परत करायच्या चार, निरुपयोगी तीन. उपयोगीमध्ये स्टेपनी, जॅक, जॅकचा दांडा, चाकाचा पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, चार मॅट वगैरे. परत करायच्यात एका काडीचा गॉगल, डाव्या हाताचा हातमोजा, पावत्यांचा गठ्ठा आणि कोणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. आधीचे मालक दंतवैद्य होते. निरुपयोगीत सीटखाली चिकटलेली एक गोळी, चार वर्षांपूर्वीचं खिशातलं कॅलेंडर आणि ग्रीसचे डाग पडलेला एक फिकट निळा टॉवेल.

उपयोगी सोळा वस्तू मी जिथून काढल्या तिथेच परत ठेवल्या. हे वाक्य पुढे माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं, म्हणून ते इथेच नोंदवून ठेवते.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे नमुना आला की आधी बाटल्या मोजतात, मग झाकणं, मग पाण्याकडे बघतात. त्यामुळे जुनी गाडी घेताना मी इतरांसारखी रंगाला भुलले नाही. बाबांचा उजवा गुडघा शस्त्रक्रियेनंतर पंच्याण्णव अंशांपर्यंतच वाकतो. बसची पायरी त्यांना चढवत नाही आणि छोट्या गाडीत पाय लांब करता येत नाही. मी टेप घेऊन अकरा गाड्यांच्या मागच्या सीटपुढची जागा मोजली. विकणारे लोक आधी हसायचे, मग संशयाने बघायचे. दंतवैद्यांच्या नऊ वर्षं जुन्या, लांब डिकीच्या गाडीत ती जागा सगळ्यात जास्त भरली. चालवून बघताना ते माझ्या शेजारी बसून सलग वीस मिनिटं बोलत होते. शेवटी म्हणाले, "गाडीची काळजी नको. तुमच्या वरच्या उजव्या दाढेकडे मात्र बघून घ्या." मी दोन्ही गोष्टींचा विचार करते म्हणाले, आणि गाडी घेतली.

घाई होती, त्याचं कारण बाबांचे जोडीदार. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधायच्या विभागात एकतीस वर्षं होते. त्यातली सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलावर हे गृहस्थ होते. आमच्या घरात त्यांना 'जोडीदार' याशिवाय दुसरं नाव नाही. निवृत्तीनंतर ते एकशे बेचाळीस किलोमीटरवरच्या गावात राहायला गेले. दर रविवारी सकाळी दोघं चाळीस मिनिटं फोनवर बोलतात, त्यातली पंधरा हल्लीच्या लाइनला नावं ठेवण्यात जातात. आता जोडीदारांची मुलगी त्यांना कायमचं परदेशी घेऊन चालली होती. गाडी घरी आली तेव्हा त्यांच्या विमानाला शेहेचाळीस दिवस उरले होते आणि बाबांनी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाबा कठड्याला धरून खाली आले, मागच्या सीटवर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "चल. बघू दे तुझी गाडी काय बोलते ते."

पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी बोलली. टण्-टक.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"गाडी जुनी आहे ना बाबा."

"काय आहे ते विचारलं मी. किती जुनी आहे ते नाही."

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर टण्-टक. तिसऱ्यावर टण्-टक. बाबांनी डोळे मिटले. बाबा डोळे मिटतात तेव्हा त्यांना झोप आलेली नसते, ते ऐकत असतात.

"दोन आवाज आहेत," ते म्हणाले. "पहिला हलका, दुसरा भारी. मधे श्वासाएवढी जागा. घरी घे."

"बाबा, इतक्याशा आवाजाने काही होत नाही."

"माहीत आहे तुला काय होत नाही ते? मग काय होतंय ते सांग."

मी गाडी वळवली. घरी आल्यावर बाबांनी दोन अटी घातल्या. गाडीचे कागद माझ्या नावावर झाले पाहिजेत आणि आवाजाचं कारण कळलं पाहिजे. आवाज नुसता जाऊन चालणार नाही, कारण कळलं पाहिजे. आपोआप गेलेला बिघाड हा गेलेला नसतो, तो आपल्याकडे पाठ करून उभा असतो, हे त्यांचं एक्स्चेंजमधलं तत्त्वज्ञान. या तत्त्वज्ञानापायी आमच्या घरचा मिक्सर दीड वर्ष उघडून ठेवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे न्यायला निघाले, तर खालच्या मजल्यावरचे टर्बोकाका सायकल पुसत उभे. टर्बोकाकांना गाड्यांची सखोल माहिती आहे. आयुष्यात त्यांनी एकही गाडी घेतलेली नाही. त्यांच्या मते माहिती असणारा माणूस घेतच नाही. कुठलीही गाडी दिसली की ते "हिला टर्बो नाही" एवढं सांगतात, आणि ते नेहमी बरोबर निघतं.

"गॅरेजला?" त्यांनी विचारलं. "अशीच?"

"अशीच म्हणजे?"

"अगं, डिकी रिकामी कर आधी! स्टेपनी, जॅक, पाना, सगळं वर घरात ठेव. चांगलं काढून घेतात आणि गंजकं ठेवतात. माझ्या साडूची स्टेपनी बदलली होती."

"साडूंना कसं कळलं?"

"त्यांना अजून माहीत नाही. मी बघितली ना."

हा पुरावा कच्चा होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नुकत्याच मोजलेल्या वस्तू गमावणं कुठल्याही मोजणाऱ्या माणसाला सहन होत नाही. मी डिकीतल्या नऊ वस्तू दोन खेपांत पहिल्या मजल्यावर नेल्या आणि बाल्कनीत मांडल्या. स्टेपनी बाथरूमच्या काट्यावर साडेपंधरा किलो भरली. आईने तिच्यावर लगेच एक कुंडी ठेवली.

मिस्त्री सावकाश बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्याने मला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवली. चार स्पीडब्रेकर झाले. गाडी गप्प.

"येतोय का आवाज?" त्याने विचारलं.

"काल येत होता."

"काल मी नव्हतो," मिस्त्री म्हणाला.

मग त्याने गाडी वर उचलली, खाली शिरला, चाकं हलवली आणि म्हणाला, "पुढचा लिंक रॉड ढिला आहे ताई. आज ना उद्या वाजणारच." डिकी उघडून तो क्षणभर आत बघत राहिला. "स्टेपनी कुठंय?"

"घरी आहे."

"आणि जॅक?"

"तोही घरीच आहे."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डिकीकडे, आणि झाकण हळू लावलं. तो दुखावला हे माझ्या लक्षात आलं, पण टर्बोकाकांच्या साडूंची स्टेपनीही लक्षात होती. लिंक रॉड बदलला, खर्च माझ्या पगाराच्या चार टक्के झाला. येताना एकदाही आवाज आला नाही. मी हर्षभरित होऊन नऊ वस्तू खाली आणल्या, यादीप्रमाणे जागच्या जागी ठेवल्या आणि खात्री करायला एक चक्कर मारली.

टण्-टक.

इथून पुढे मी हे प्रकरण शास्त्रीय पद्धतीने हाताळायचं ठरवलं. घर ते पाण्याची टाकी आणि परत असा चार पूर्णांक सहा किलोमीटरचा ठरलेला मार्ग, त्यावर नऊ स्पीडब्रेकर, वेग प्रत्येक वेळी पंधरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाकांतली हवा दोन पॉइंट वाढवली, नऊपैकी नऊ वेळा आवाज. कमी केली, नऊपैकी नऊ. पेट्रोलची टाकी अर्धी, टाकी पूर्ण, काचा उघड्या, काचा बंद, नऊपैकी नऊ. फोनवर रेकॉर्डिंग केलं. बाबांनी ते कानाला लावून दिवसातून पाच-सहा वेळा ऐकायला सुरुवात केली. आई त्यांच्या गुडघ्याला शेक देत असायची आणि ते डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकत असायचे. आई म्हणाली, "एवढं माझं बोलणं कधी ऐकलं असतंत तर गुडघा वेळेवर दाखवला असता."

मिस्त्रीकडे मी आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा गाडी मुकी. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "डिकीत काय काय असतं तुमच्या?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "डिकी पूर्ण रिकामी आहे."

त्याने उघडून बघितली. ती पूर्ण रिकामी होती. मी खरं तेच सांगितलं होतं.

"मग ताई, आवाज तुमच्या घराच्या आसपास असेल," तो म्हणाला. "गाडीत नाही."

मी घरी येताना या शक्यतेचा प्रामाणिकपणे विचार केला. मग सुचलं: मिस्त्री बसला की आवाज थांबतो, म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर किंवा ड्रायव्हरच्या जागी वजन वाढलं की थांबत असेल. मिस्त्रीचं वजन अंदाजे ऐंशी. आईचं अठ्ठावन्न. मी आईच्या मांडीवर बावीस किलोची धान्याची गोणी देऊन तिला टाकीपर्यंत नेलं. नऊपैकी नऊ. परत येताना आई म्हणाली, "लोकांच्या मुली आईला गाडीतून फिरायला नेतात."

मधल्या काळात पहिल्या अटीचंही घोडं अडलं होतं. वाहन कार्यालयातल्या खिडकीवरच्या साहेबांनी माझे कागद तपासले, चष्मा काढला आणि खिडकीतून आवारातल्या गाडीकडे बघितलं.

"कागदावर रंग रुपेरी आहे."

"हो."

"गाडी राखाडी दिसतेय."

"धूळ आहे साहेब. रस्त्याची."

"धूळ कागदावर नाही," साहेब म्हणाले. "रंग बदलला असेल तर आधी रंगबदलाचा अर्ज, मग मालकबदलाचा."

मी बाहेर गेले. जवळ पाण्याची अर्धी बाटली आणि एक रुमाल होता. तेवढ्यात पुढचं डावं दार स्वच्छ झालं आणि बाटली संपली. साहेबांना विनंती करून बाहेर आणलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे दार रुपेरी आहे," ते म्हणाले.

"बघा!"

"बाकीची राखाडी आहे. म्हणजे आता दोन रंग झाले. त्याचा अर्ज वेगळा."

मी त्यांना पृष्ठभागावरच्या कणांबद्दल समजावून सांगू लागले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण मला दिसतं ते मी लिहितो." हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेल्या सूचनेशी इतकं मिळतं की मी कागद गोळा केले. गाडी दोन वेळा धुऊन, तिसऱ्या दिवशी, चौथ्या टोकनवर कागद माझ्या नावावर झाले. विमाही त्यामागोमाग झाला. एक अट पूर्ण. उरलेले दिवस एकोणीस.

मग मी दंतवैद्यांना फोन केला. त्यांच्यावर माझा संशय बसत चालला होता.

"आवाज?" ते म्हणाले. "माझ्याकडे कधी नव्हता. नक्की कुठे येतोय?"

"मागून. पण पुढे असल्यासारखाही वाटतो."

"असं होतं. दुखतं एकीकडे आणि वाटतं दुसरीकडे. थंडीत वाढतो का?"

"नाही."

"दाब दिल्यावर?"

"डॉक्टर, मी गाडीबद्दल विचारतेय."

"मीही गाडीबद्दलच बोलतोय," ते जरा ताठपणे म्हणाले. "नऊ वर्षं वापरली मी ती. एकदाही वाजली नाही. तुम्ही काही केलंत का तिला?"

मी काही केलं का! मी त्यांचा जबड्याचा साचा वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवला होता. मी एवढंच म्हणाले, "मी फक्त मोजलं," आणि फोन ठेवला.

टर्बोकाकांच्या सांगण्यावरून शेवटी सर्व्हिस सेंटर गाठलं. (आदल्या संध्याकाळी नऊ वस्तू वर. कुंडी स्टेपनीवर.) तिथे टाय घातलेल्या तरुणाने मला थंड खोलीत बसवलं आणि गाडीला संगणक जोडला. दीड तासाने तीन पानं हातात आली. पहिल्या पानावर 'दोष आढळला नाही'. उरलेल्या दोन पानांवर अकरा कामं.

"दोष नाही तर अकरा कामं कसली?" मी विचारलं.

"ही दोषाची नाहीत मॅडम. ही वयाची आहेत."

"यातल्या कुठल्या कामाने आवाज जाईल?"

"आवाज तर येतच नाहीये."

अकरा कामांची बेरीज माझ्या पगाराच्या दोनशे बारा टक्के होती. मी एकेक ओळ विचारत गेले. तो चांगला मुलगा होता, त्याने खरंखरं सांगितलं. टायमिंग बेल्टची मुदत नव्वद हजार किलोमीटरची आणि गाडी अठ्ठ्याऐंशी हजारांपुढे गेलेली, तो तुटला तर इंजिनच जाईल. तो बदलायलाच हवा. पुढच्या ब्रेक पॅडची जाडी तीन मिलिमीटर, तेही हवेत. ब्रेकचं तेल कधी बदललं हे कोणालाच माहीत नाही, म्हणून ते बदलायचं. सीटचा सुगंधी फवारा नको, इंजिनची पॉलिश नको. तीन कामं केली, सत्तेचाळीस टक्के. मला हेही कळलं की जुनी गाडी घेताना देतो ती किंमत म्हणजे प्रवेश फी असते, नाटक पुढे सुरू होतं.

घरी आले. वस्तू जागच्या जागी ठेवल्या. टाकीपर्यंत चक्कर. नऊपैकी नऊ.

बाबांनी तीन पानं नीट वाचली. "ब्रेक केलेस ते बरं केलंस," ते म्हणाले. पानं त्यांनी घडी घालून परत दिली. त्या रविवारी ते फोनवर जोडीदारांशी बोलताना मी बाहेरच्या खोलीत होते. सगळं संभाषण गाडीच्या आवाजाबद्दलच चाललं होतं. जोडीदार तिकडून तर्क लढवत होते, बाबा इकडून खोडत होते. शेवटी बाबा म्हणाले, "नाही रे, जमेल असं दिसत नाही. काय, आवाज तर ऐकतोच आहोत एकमेकांचा."

मी आतल्या खोलीत जाऊन वही उघडली. चौतीस चकरा, तीनशे सहा स्पीडब्रेकर, एवढी नोंद होती. तिचा उपयोग काय ते कळेना. विमानाला दहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी टर्बोकाका म्हणाले, "विकून टाक. ओळखीचा एकजण बघायला येतो संध्याकाळी." मी हो म्हणाले. बघायला येणारा आधीच डिकीतला जॅक बदलून नेईल, या काकांच्या इशाऱ्यावरून मी दमून नऊ वस्तू पुन्हा वर आणल्या. कुंडी बाजूला केली, स्टेपनी आडवी टाकली, आणि हात भरून आला म्हणून जॅक तिच्यावर जरा आपटलाच.

टण्-टक.

"आला!" आतून बाबा ओरडले. "आला बघ! गाडी वर आणलीस का?"

"नाही बाबा, मी नुसता..."

"हलू नकोस! काय केलंस आत्ता?"

"जॅक ठेवला. स्टेपनीवर."

"परत ठेव."

टण्-टक. जॅकचं पातळ टोक आधी चाकाच्या कडेला लागायचं, मग त्याचा जाड भाग खाली बसायचा. पहिला हलका, दुसरा भारी. बाबा बिछान्यावरून उठून काठी न घेता बाल्कनीच्या दारापर्यंत आले, गुडघ्यावर आईने बांधलेला शेकाचा फडका तसाच. एका कानाला त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं, दुसरा कान माझ्याकडे केला आणि मला अकरा वेळा जॅक ठेवायला लावला.

"हाच," ते म्हणाले. "पण जॅक मोकळा कसा? डॉक्टरांच्या वेळी वाजत नव्हता म्हणालास ना? तेव्हा कसा ठेवलेला होता?"

बाबा उत्तेजित झाले की मला मुलगा समजून बोलतात.

"जसा होता तसाच मी परत ठेवला," मी म्हणाले.

"वही आण."

मी वही आणली. नग दोन. माझं अक्षर स्वच्छ आहे, दुर्दैवाने. 'जॅक, एक (टॉवेलात गुंडाळलेला, सोडवून ठेवला).'

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पान उलटून तेविसावा नग वाचला. 'टॉवेल, फिकट निळा, एक. निरुपयोगी.'

"टॉवेल कुठाय?" बाबा म्हणाले.

"निरुपयोगी होता म्हणून मी... टाकायला काढला होता."

"टाकायला काढला होतास, टाकू दिला नाही मी," स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. "चांगला जाड होता. तीनदा उकळत्या पाण्यात धुतला. टाकतात का असा? कशाला हवाय आता?"

"आहे कुठे तो?"

आई नुसती बाबांच्या गुडघ्याकडे बघत राहिली. मग मीही बघितलं. सर्वांत शेवटी बाबांनी बघितलं.

गेले सदतीस दिवस बाबा बिघाडाचा आवाज ऐकत होते आणि बिघाडाचं कारण त्यांना शेक देत होतं.

संध्याकाळी गाडी बघायला आलेल्या माणसाला टर्बोकाकांनी परस्पर परत पाठवलं. वर "मी पहिल्यापासून म्हणत होतो, डिकीकडे लक्ष दे" असं मला ऐकवलंही. मी वाद घातला नाही. मी नऊ वस्तू खाली नेल्या, जॅक टॉवेलात गुंडाळून खाचेत बसवला, टाकीपर्यंत गेले. नऊपैकी शून्य. तिथून तशीच मिस्त्रीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही. "म्हणून विचारत होतो, स्टेपनी कुठंय," एवढंच म्हणाला. लांब जायचंय तर हवा आणि पाणी बघून द्या, असं मी म्हटलं आणि गाडी त्याच्याकडे तासभर ठेवून चालत घरी आले. डिकी भरलेली होती. परत घेताना मी वस्तू मोजल्या नाहीत. म्हणजे, त्याच्यासमोर मोजल्या नाहीत.

विमानाच्या पाच दिवस आधी आम्ही निघालो. बाबा मागे पाय लांब करून बसले. पहिल्या स्पीडब्रेकरला त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्यालाही मिटले, तिसऱ्यानंतर खिडकीबाहेर बघू लागले. एकशे बेचाळीस किलोमीटर, दोन तास एकावन्न मिनिटं, आवाज शून्य.

जोडीदार फाटकाशीच उभे होते. आमच्या घरातल्या फोनमधून येणाऱ्या आवाजाच्या मानाने माणूस बराच लहान होता. आत बांधलेल्या पेट्या दिसत होत्या. बाबा दार उघडून सावकाश उतरले. दोघांनी एकमेकांचा दंड धरला.

"काठी कुठाय तुझी?" जोडीदार म्हणाले.

"घरी राहिली."

"बरं, आवाज ऐकव."

"कसला?"

"कसला म्हणजे? सहा आठवडे डोकं खाल्लंस माझं. पहिला हलका, दुसरा भारी, मधे श्वासाएवढी जागा. फोनवर काही कळत नाही, लाइन खराब असते. मला प्रत्यक्ष ऐकायचाय."

"अरे, तो गेला आता. कारण सापडलं."

"कारण सापडलं ना? मग आणता येईल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी डिकी उघडली, जॅकवरचा टॉवेल सोडवला आणि जॅक नुसताच स्टेपनीवर ठेवला. टॉवेल बाबांनी मागून घेतला आणि गुडघ्यावर पसरला. दोघं मागच्या सीटवर बसले. जोडीदारांच्या घराभोवतालच्या रस्त्याची एक फेरी सहाशे मीटरची होती. पहिल्या स्पीडब्रेकरवर दोघांनी एकदमच डोळे मिटले.

"ऐकलास?"

"हलका आहे पहिला."

"म्हणत नव्हतो?"

"पण मधली जागा तू सांगितलीस त्याहून कमी आहे."

"कमी कशी? नीट ऐक. बाळ, अजून एक फेरी घे गं."

मी घेतली. मग अजून एक घेतली. मागे जागेच्या लांबीवरून वाद सुरू झाला, त्यातून एका जुन्या बिघाडाची आठवण निघाली, त्यातून दुसरी. जोडीदारांची मुलगी चहा घेऊन फाटकात आली आणि आम्ही तिसऱ्यांदा तिच्यासमोरून गेलो तेव्हा ट्रे घेऊन आत गेली. चहा झाला. मग अंधार पडायच्या आत आम्ही परत निघालो. निघण्यापूर्वी मी जॅक गुंडाळला आणि वहीत नोंद केली.

फेऱ्या अकरा. अंतर सहा पूर्णांक सहा किलोमीटर. स्पीडब्रेकर चव्वेचाळीस. ऐकू आलेले आवाज एकेचाळीस. उरलेले तीन मागच्या वादात बुडाले.